जहाजाचे खालचे मजलेही पाहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत बॅलार्ड पिअरजवळ नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे राहिले आहे, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातूनच सुरू झालेल्या ‘क्रूझ भारत मिशन’ने २०२९पर्यंत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट समोर ठेवले आहे. त्या निमित्ताने धक्के, कर, जोडरस्ते आणि पर्यटनातून मिळणारे उत्पन्न यांविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जात आहे. मला या पत्रातून एका निराळ्या विषयाकडे वाचकांचे व संबंधितांचे लक्ष वेधायचे आहे. तो विषय म्हणजे प्रवासी जहाजाच्या कामाच्या भागांची प्रवाशांना घडवली जाणारी सफर. हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना मोठ्या स्वयंपाकघराचे शास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली आणि माझे कितीतरी विद्यार्थी शिक्षण संपताच ‘बोटीवर’ गेले. त्यामुळे या जहाजांच्या खालच्या मजल्यांवर काय चालते, हा माझ्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही.

परदेशातील बहुतेक मोठ्या कंपन्या अशी सफर विकतात. रॉयल कॅरिबियन तिला ‘ऑल ॲक्सेस टूर’ म्हणते, प्रिन्सेस ‘अल्टिमेट शिप टूर’ आणि कार्निव्हल ‘बिहाइंड द फन’. नावे वेगळी असली तरी पद्धत जवळपास एकच आहे. जहाज दिवसभर समुद्रात असेल असा दिवस निवडला जातो, लहानसा गट केला जातो, बंद पादत्राणांची अट असते, पिशव्या आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलही बाहेर ठेवावे लागतात आणि सुरक्षा कर्मचारी शेवटपर्यंत सोबत असतो. काही तासांत मुदपाकखाना, धान्य-भाजीची कोठारे, धुलाईखाना, रंगमंचामागची बाजू, इंजिन कंट्रोल रूम आणि अखेरीस कप्तानाचा ब्रिज, म्हणजे जहाज चालवण्याची जागा, दाखवली जाते. शुल्क साधारणपणे माणशी शंभर ते दीडशे डॉलर असते. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला, क्रूझचे तिकीट काढून झाल्यावर, वर पस्तीस ते पन्नास हजार रुपये मोजावे लागतात.

निवृत्तीनंतर मी स्वतः अशी एक सफर केली. तिच्यात दाखवले गेले ते उत्तम होते आणि ते तसे मोकळेपणाने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पुढे मी जी उणीव मांडणार आहे ती तक्रार म्हणून वाचली जाऊ नये.

मुदपाकखान्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. प्रवाशाला वर जे दिसते ते मांडलेले ताट असते. खाली त्या ताटामागची शिस्त दिसते. भाजी, मासळी आणि मांस यांच्या तयारीच्या जागा स्वतंत्र असतात, गोठवलेले मांस वितळवण्याची खोली वेगळी असते, आणि खरकटी भांडी ज्या बाजूने आत येतात त्या बाजूला धुतलेली भांडी चुकूनही जात नाहीत. बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीने उघडी ज्योत नसते. सारा स्वयंपाक विजेवर आणि वाफेवर होतो. लाटांनी भांडी घसरू नयेत म्हणून शेगड्यांच्या कडेला आडवे गज असतात. वाढपाच्या ओळीसमोर त्या रात्रीच्या प्रत्येक पदार्थाचे छायाचित्र लावलेले असते, म्हणजे हजारावे ताटही पहिल्या ताटासारखेच लागते. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांची तेथील रोग नियंत्रण केंद्राकडून पूर्वसूचना न देता तपासणी होते. शंभरपैकी पंच्याऐंशी किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर जहाज अनुत्तीर्ण ठरते आणि तो निकाल सर्वांसाठी प्रसिद्ध केला जातो. थंड अन्न ५ अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचे नाही आणि गरम अन्न ५७ अंशांच्या खाली येऊ द्यायचे नाही, हा नियम मी वर्गात वर्षानुवर्षे सांगितला आहे. परंतु हजारो माणसांच्या जेवणाच्या वेळी तो नियम पाळणारी, हातात तापमापक घेऊन एकेका भांड्याशी थांबणारी तरुण मुले पाहिली की तो मनावर जसा ठसतो तसा फळ्यावरून ठसत नाही.

कचऱ्याची व्यवस्था अनेक सफरींत दाखवली जात नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत आधी दाखवली पाहिजे. समुद्र प्रदूषणाविरुद्धच्या ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्लास्टिक समुद्रात टाकण्यास कोठेही परवानगी नाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत उरलेले अन्न टाकायचे असेल तर ते पंचवीस मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतके बारीक दळून, किनाऱ्यापासून किमान तीन सागरी मैल दूर गेल्यावरच टाकता येते. काही संरक्षित समुद्रांत तर ही मर्यादा बारा मैलांची आहे. यासाठी जहाजाच्या पोटात माणसे हातमोजे घालून आपण टाकलेला कचरा हाताने निवडत असतात. काच वेगळी, डबे वेगळे, कागद वेगळा. बुफेमध्ये ताट भरभरून घेऊन अर्धे टाकणाऱ्या प्रवाशाला या खोलीत पाच मिनिटे उभे केले, तर त्याला वेगळी सूचना द्यावी लागणार नाही.

यंत्रांच्या बाजूने पाहिले तरी शिकण्यासारखे खूप आहे. आजच्या बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांची इंजिने जहाज ढकलणारा पाण्याखालचा पंखा थेट फिरवीत नाहीत. ती वीज निर्माण करतात आणि त्या विजेवर हे पंखे, वातानुकूलन, शेगड्या, दिवे असे सारेच चालते. जहाजाच्या तळाखाली बसवलेली आणि स्वतःभोवती पूर्ण फिरू शकणारी विजेची प्रणोदक यंत्रणा, म्हणजे ॲझिपॉड, क्रूझ जहाजावर प्रथम १९९८ साली ‘कार्निव्हल इलेशन’वर आली. २००९ साली फिनलंडमधील तुर्कू येथे बांधून झालेल्या ‘ओॲसिस ऑफ द सीज’वर सहा इंजिने मिळून सुमारे ९७ मेगावॉट वीज निर्माण करतात आणि प्रत्येकी २० मेगावॉटची तीन ॲझिपॉड ते जहाज हलवतात. इंजिनांची वाया जाणारी उष्णता वापरून समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी केले जाते. प्रत्यक्ष इंजिनखोलीत प्रवाशांना सहसा नेत नाहीत. तेथील आवाज, उष्णता आणि धोका लक्षात घेता ते योग्यच आहे. कंट्रोल रूममधील पडदे आणि तेथे बसलेल्या अभियंत्याचे दहा मिनिटांचे बोलणे पुरेसे असते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिण्यास घेतले त्या मुद्द्याकडे येते. या सफरींत यंत्रे दिसतात, पदार्थ दिसतात, चादरींच्या घड्या घालणारी यंत्रे दिसतात. परंतु ही कामे करणारी माणसे किती तास उभी असतात, कोठे झोपतात, किती महिन्यांनी घरी जातात, याविषयी एक अक्षरही सांगितले जात नाही. जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा कर्मचाऱ्यांचा मुख्य बोळ प्रत्येक सफरीत आवर्जून दाखवतात. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर कर्मचारी त्याला अमेरिकेतील त्याच नावाच्या महामार्गावरून ‘आय-नाइन्टीफाइव्ह’ म्हणतात, हे मार्गदर्शक हसून सांगतो. त्याच बोळात आपल्या अंगाला अंग घासून, ट्रॉली ढकलीत, नजर खाली ठेवून जाणारा मुलगा कदाचित सावंतवाडीचा किंवा मडगावचा असतो, आणि त्याच्याशी बोलण्यासाठी त्या कार्यक्रमात एक मिनिटही राखलेले नसते.

ही माहिती गुप्त असती तर मी हा आग्रह धरला नसता. ती मुळीच गुप्त नाही. ‘मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६’ हा नाविकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आला आणि भारताने तो ऑक्टोबर २०१५मध्ये स्वीकारला. त्यात नाविकाची व्याख्या व्यापक आहे. जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणारा माणूस तिच्यात येतो, म्हणजे वेटर, आचारी, धुलाईखान्यातील कामगार आणि केबिन साफ करणारी मुलगीही येते. कामाचे तास चोवीस तासांत चौदापेक्षा अधिक आणि सात दिवसांत बहात्तरपेक्षा अधिक नसावेत, किंवा विश्रांती चोवीस तासांत किमान दहा आणि सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर तास मिळावी, अशी मर्यादा त्यात घातली आहे. ही दहा तासांची विश्रांती दोनहून अधिक तुकड्यांत विभागता येत नाही आणि त्यांतला एक तुकडा किमान सहा तासांचा असावा लागतो. प्रवासी जहाजावर अधिकारी नसलेल्या दोन कर्मचाऱ्यांच्या सामाईक खोलीसाठी किमान साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ऐंशी चौरस फूट जागा या करारात ठरवून दिली आहे. करार अमलात येण्यापूर्वी बांधलेल्या जहाजांना हे माप लागू नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कामाच्या व विश्रांतीच्या तासांचे वेळापत्रक जहाजावर कर्मचाऱ्यांना सहज पाहता येईल अशा जागी लावणे बंधनकारक आहे. माझी मागणी एवढीच आहे की सफरीने त्या फलकासमोर थांबावे आणि मार्गदर्शकाने तो वाचून दाखवावा.

जगभरच्या जहाजांवर काम करणाऱ्यांत आपली माणसे फार जुन्या काळापासून आहेत. पी अँड ओ कंपनीच्या बोटी बॅलार्ड पिअरला लागत असत तेव्हा डेकवरचे खलाशी रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे असत, इंजिनखोलीत पंजाब-सरहद्द प्रांतातील माणसे असत आणि भोजनगृहात गोव्याचे कारभारी असत. सारंग, टिंडेल, भंडारी ही पदांची नावे त्या बोटींवर रुळलेली होती. गोव्याच्या गावागावांनी आपल्या बोटीवरच्या माणसांसाठी मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात ‘कूड’ चालवले, जेथे कॉन्ट्रॅक्ट संपलेला माणूस पुढची बोट मिळेपर्यंत पथारी टाकून राहत असे. ती परंपरा आजही खंडित झालेली नाही. मुंबईचे कॅटरिंग कॉलेज १९५४ साली सुरू झाले, गोव्यातही अशी संस्था आली, आणि आता कोकणातल्या लहान गावांतील मुलेही सीडीसी, म्हणजे नाविकाचे नोंदणीपुस्तक, काढून, सुरक्षेचे अभ्यासक्रम पुरे करून जहाजावर जातात. घरी त्यांच्या आईवडिलांना मात्र मुलाने पाठवलेला डेकवरचा, मागे निळे पाणी असलेला फोटोच तेवढा दिसतो.

टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२०मध्ये, ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरील शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी मुंबईच्या समुद्रात असूनही किनाऱ्यावर उतरू शकत नव्हते. अखेर केंद्र शासनाने नियमावली काढली तेव्हा ते उतरले. त्या दिवसांत कितीतरी लोकांना पहिल्यांदाच उमगले की ही जहाजे आपलीच मुले चालवतात. त्याआधी, १३ जानेवारी २०१२ रोजी, इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सर्वांत शेवटी, २०१४च्या नोव्हेंबरमध्ये, ज्याचा मृतदेह सापडला तो एक भारतीय वेटर होता. वर जेवण वाढणारा हाच मुलगा आणीबाणीत प्रवाशांना जीवरक्षक नौकेपर्यंत नेण्यास बांधलेला असतो आणि त्यासाठी गर्दी सांभाळण्याचे प्रशिक्षण त्याला घ्यावे लागते. ही गोष्ट प्रवाशांना समजली तर निघण्याच्या दिवशी होणाऱ्या सुरक्षा कवायतीत ते मोबाइल पाहत उभे राहणार नाहीत.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा येईल आणि तो खरा आहे. एके काळी प्रवाशांना ब्रिजवर सहज नेत असत. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता १ जुलै २००४पासून लागू झाली आणि ती वहिवाट संपली. ज्या शहरावर २००८ साली समुद्रमार्गे हल्ला झाला त्या शहराच्या रहिवाशांना ही काळजी समजावून सांगण्याची गरज नाही. पण संहितेने पाहुण्यांना बंदी घातलेली नाही. ओळख पटवावी, झडती घ्यावी, सोबत माणूस द्यावा, प्रतिबंधित भागांची नोंद ठेवावी, अशी तिची अपेक्षा आहे. परदेशी कंपन्या याच चौकटीत सफरी चालवतात. आपले नौदलही नौदल दिनाच्या सुमारास मुंबईत युद्धनौका शाळकरी मुलांना आणि नागरिकांना दाखवत आले आहे. जुनी ‘विक्रांत’ संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती तेव्हा महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या सहली तिच्यावर येऊन गेल्या. शस्त्रसज्ज नौकेवर जे नियोजनाने जमते, ते प्रवासी जहाजावर जमू नये असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे आणि तो मला स्वतःला महत्त्वाचा वाटतो. कष्ट करणाऱ्या माणसांना पैसे घेऊन दाखवणे हे माणुसकीला धरून आहे काय? कोणाच्या राहत्या केबिनमध्ये डोकावणे सर्वथा अयोग्य आहे, मग तेथे तो माणूस हजर असो वा नसो. जेवणाच्या सुट्टीत क्रू मेसमध्ये गट घेऊन जाणेही अयोग्य आहे. रिकामी असलेली एखादी केबिन नमुना म्हणून दाखवता येईल, तीही कर्मचाऱ्यांच्या संमतीने. बोलायचे ते ज्याला बोलायचे आहे त्यानेच बोलावे, आणि बोलण्यात गेलेला वेळ त्याच्या कामाच्या तासांत मोजला जावा. नाहीतर दमलेल्या माणसाच्या विश्रांतीचा अर्धा तास प्रवाशांच्या करमणुकीत जाईल आणि सफरीचे सारे पैसे कंपनीकडे जमा होतील. शुल्काचा काही भाग कर्मचाऱ्यांच्या कल्याण निधीत जावा, असेही मी सुचवते. जहाजावर असा निधी बहुधा असतोच, आणि त्यातून कर्मचाऱ्यांसाठी खेळ, सण आणि मनोरंजन यांची सोय होते.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझ जहाजांच्या बाबतीत माझे म्हणणे असे आहे की प्रत्येक फेरीत ही सफर जाहीर वेळापत्रकात असावी, मराठी व हिंदीतून माहिती देणारा माणूस त्यासाठी नेमावा, आणि शुल्क मध्यमवर्गीय कुटुंबाला झेपेल इतके असावे. आपल्याकडील सहली दोन-तीन रात्रींच्या असतात, त्यामुळे परदेशाप्रमाणे तीन तासांचा लांबलचक कार्यक्रम जमणार नाही, हे मान्य आहे. तासाभरात मुदपाकखाना, कचरा व्यवस्था, कामाच्या तासांचा फलक आणि एका कर्मचाऱ्याशी गप्पा एवढे नीट दाखवता येते. ब्रिज राहिला तरी चालेल. ब्रिजचे आकर्षण सर्वांना असते, पण तेथे काम चालू असताना काचेआडून दोन क्षण पाहण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

याहून अधिक आग्रह मला धरायचा आहे तो विद्यार्थ्यांसाठी आणि नाविकांच्या घरच्यांसाठी. जहाज मुंबईत धक्क्याला लागलेले असते त्या दिवशी जुने प्रवासी उतरत असतात, नवे चढत असतात आणि कोठारे भरली जात असतात. तो सर्वांत धावपळीचा दिवस असतो, म्हणून दर फेरीला हे करता येणार नाही. परंतु हंगामात दोन-तीन वेळा, आधी नावे व ओळखपत्रे घेऊन, कॅटरिंग महाविद्यालयांतील आणि सागरी प्रशिक्षण संस्थांतील मुलांचे लहान गट आत नेणे अशक्य नाही. दलालांच्या गोड बोलण्याला भुलून लाखो रुपये भरणारी मुले मी पाहिली आहेत. नोकरी कशी असते हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, झोपण्याचा बंक किती अरुंद असतो आणि मुदपाकखान्यात रात्री अकरा वाजताही किती काम उरलेले असते हे ज्याला ठाऊक आहे, तो मुलगा निर्णय शहाणपणाने घेईल. तो गेला तर तयारीने जाईल, आणि कॉन्ट्रॅक्ट अर्धवट सोडून कर्जासह परत येण्याची वेळ त्याच्यावर सहसा येणार नाही. तसेच ज्यांचा मुलगा वा मुलगी त्याच जहाजावर आहे अशा आईवडिलांना, जहाज घरच्या बंदरात असताना, तासभर आत येऊ देण्याची सोय काही कंपन्या करतात. ती कंपनीच्या मर्जीवर न ठेवता मुंबईत नियमाने व्हावी.

मुंबई बंदर प्राधिकरण, नौवहन महासंचालनालय आणि क्रूझ चालवणाऱ्या कंपन्या या तिघांची कार्यालये मुंबईत आहेत. त्यांनी नाविकांच्या संघटनांना आणि एक-दोन शिक्षणसंस्थांना सोबत घेऊन येत्या हंगामापूर्वी याची कार्यपद्धती ठरवावी, आणि सफरीत काय दाखवले जाईल व शुल्क किती असेल ते तिकीट विक्रीच्या वेळीच जाहीर करावे, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका
दादर, मुंबई